अंगठ्यावर मशीन चालवू नका : अवघड गिऱ्हाइकं सांभाळायची रीत

स्मरणिका होती. एका जुन्या मंडळाची, डेमी साइज, शंभरएक पानं, आठशे प्रती. देणगीदारांच्या यादीत एका काकांच्या नावाआधी ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ पडलं. काका हयात होते. नुसते हयात नव्हेत, तर प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसणार होते. चिटणिसांनी आदल्या संध्याकाळी पहिला गठ्ठा फोडला आणि मला फोन केला. त्या रात्री आम्ही चौघं जण आठशे प्रतींवर ‘श्री.’ची नखाएवढी स्टिकरं लावत बसलो. कागद पिवळसर नॅचरल शेडचा आणि स्टिकर पांढरंशुभ्र, त्यामुळे अख्ख्या पानात तेवढंच ‘श्री.’ उजळून दिसत होतं.

प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायला द्यायची प्रत, मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. उत्तरादाखल चिटणिसांचा अंगठा आला होता. बिलाच्या वेळी खजिनदार म्हणाले, “अंगठा म्हणजे मिळालं. वाचलं असं कुठे म्हटलंय?” त्या बिलातले अकरा हजार अजून यायचेत.

बरीच वर्षं मी हा किस्सा ‘कसली कसली माणसं भेटतात बघा’ म्हणून सांगायचो. हल्ली वेगळा सांगतो. यादी गेल्या वर्षीच्या फाइलवरून उचलली ती त्यांनी, म्हणजे चूक त्यांचीच. पण आठशे प्रतींचं काम एका अंगठ्यावर मशीनला चढवलं ते मी. धंद्यात ज्यांना आपण मनातल्या मनात मूर्ख म्हणतो, त्यातल्या बहुतेकांना आपलं काम कोणत्या क्रमाने पुढे सरकतं एवढंच माहीत नसतं, आणि आपण ते सांगत नाही. खरोखरचे त्रासदायक लोक थोडे असतात. पहिल्यांसाठी कामाचा क्रम ठरवून द्यावा लागतो, दुसऱ्यांसाठी कागद तयार ठेवावा लागतो. मी छपाई आणि डिझाइनचं काम करतो, म्हणून उदाहरणं तिथलीच आहेत. इंटिरियरवाले, फोटोग्राफर, केटरर यांनी आपापल्या कामाला बेतून घ्यावं.

पहिली भेट : भाव सांगण्याआधी विचारायचं

माणूस दुकानात येतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, “हजार पत्रकांचे किती?” आपणही लगेच आकडा सांगून मोकळे होतो. एकदा आकडा तोंडातून गेला की पुढचं सगळं बोलणं त्या आकड्याभोवती फिरतं. म्हणून आधी पाणी द्या, बसवा आणि विचारा. काम हातात कधी हवंय? कार्यक्रम कधी आहे? (हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सतराला कार्यक्रम असलेला माणूस ‘सतराला द्या’ म्हणतो.) मजकूर तयार आहे का? अंतिम ओके कोण देणार? आणि याआधी काम कुणाकडे करत होतात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘त्यांनी प्रेस बंद केला’, ‘लांब पडायचं’ ही सरळ उत्तरं झाली. पण आधीचा चोर, त्याच्या आधीचा पळपुटा, त्याच्याही आधीचा बिनडोक निघाला असेल, तर पुढच्या दुकानात चौथं नाव तुमचं असणार आहे. असं काम घ्यायचंच तर आगाऊ रक्कम जास्त आणि मुदत सैल ठेवून घ्या.

‘ओके कोण देणार’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. लग्नपत्रिकेचं बघा. नवरा मुलगा येतो, नमुना निवडतो, मजकूर देतो, गोड बोलतो. प्रूफ घरी जातं आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या खाली कोणत्या काकांचं नाव आधी यावं यावरून घरात बैठक बसते. तिथे मुलाला कोणी विचारत नाही. ओके थोरल्या आत्याबाई देतात, ज्यांना आपण कधी पाहिलेलंही नसतं. म्हणून मी आता मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो, “नावांची यादी घरातल्या मोठ्या माणसाच्या हस्ताक्षरात आणा. टाइप करून नको.” हस्ताक्षरात यादी मागितली की ती बैठक माझ्या प्रूफच्या आधीच होऊन जाते.

बजेट सरळ विचारलं तर बहुतेक जण सांगत नाहीत. ‘तुम्ही सांगा ना, मग बघू’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे तीन नमुने समोर ठेवायचे: साध्या मॅपलिथो कागदावरचा, १३० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) आर्ट पेपरवरचा आणि ३०० जीएसएम कार्डावर मॅट लॅमिनेशन केलेला. हात कुठे जातो ते बघा, मग त्याचा भाव सांगा आणि चेहरा बघा.

कोटेशन : प्रत्येक वाक्यामागे एक भांडण

तोंडी ठरलेलं काम दोघांनाही आपापल्या सोयीने आठवतं. त्यात लबाडीच असते असं नाही, आठवणीचा स्वभावच तसा. माझं कोटेशन साधारण असं असतं :

‘२४ पानी पुस्तिका, ए-५, आतली पानं १३० जीएसएम आर्ट पेपर, चाररंगी, कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन, सेंटर पिन, ५०० प्रती. मजकूर युनिकोडमध्ये, तपासलेला आणि एकत्रित मिळेल असे धरले आहे. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत, तिसऱ्या फेरीपासून पानामागे वेगळे शुल्क. सही केलेले प्रूफ मिळाल्यापासून कामाचे सात दिवस. निम्मी रक्कम काम सुरू करताना, उरलेली गठ्ठे उचलण्याआधी. जीएसटी वेगळा. हा दर दहा दिवसांपर्यंत.’

‘युनिकोडमध्ये’ हा शब्द आला, कारण लोक श्रीलिपीतली, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल आणतात. ती युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं जागा सोडतात आणि मग खापर आपल्यावर फुटतं. ‘एकत्रित’ आला, कारण मजकूर अकरा मेसेजमध्ये यायचा, त्यातला सातवा म्हणजे तिसऱ्याची दुरुस्ती. ‘सही केलेले प्रूफ मिळाल्यापासून’ आला, कारण गिऱ्हाईक सात दिवस ऑर्डरच्या दिवसापासून मोजतं आणि स्वतः प्रूफ पाच दिवस घरी ठेवतं. दर दहा दिवसांचाच, कारण कागदाचा भाव माझ्या हातात नाही.

दुरुस्तीच्या फेऱ्या मोजून लिहिल्याने भांडखोर माणूस शहाणा होत नाही. पण साधा माणूस सावध होतो. एकेक चूक एकेका फोनवर सांगण्याऐवजी सगळ्या गोळा करून एकदाच पाठवतो.

आगाऊ रकमेबद्दल माझं मत पक्कं आहे. ती नुसती कागद आणण्यासाठी नसते. ज्याने पैसे दिलेत तो फोन उचलतो. ‘आपल्यात काय आगाऊ घेता’ असं म्हणणाऱ्याला मी हसून सांगतो, “आपल्यात आहे म्हणूनच निम्मी घेतो, परक्याकडून सगळी घेतली असती.” बहुतेक जण हसतात आणि देतात. न देणारा पुढेही देत नाही, हे शिकायला मला सात-आठ वर्षं लागली.

सूचना एकाच तोंडून

समिती असली की ग्रुप निघतो. ग्रुपमध्ये नऊ जण, अध्यक्षांना भगवा हवा, चिटणिसांना निळा, आणि एक सभासद रोज सकाळी सुप्रभात पाठवतात, त्याखाली खरी दुरुस्ती दबून जाते. ग्रुपमध्ये राहा, पण पहिल्याच दिवशी लिहा : ‘सर्वांच्या सूचना आपसांत ठरवून अमुक साहेबांनी एकत्र पाठवाव्यात. त्यांच्याकडून आलेलीच दुरुस्ती केली जाईल.’ पुढे कोणी परस्पर फोन केला तर वाद घालू नका. ‘हो, चांगलं सुचवलंत, साहेबांना सांगा, त्यांच्या यादीत आलं की लगेच करतो,’ एवढंच. दोन-तीनदा असं झालं की फोन आपोआप त्या साहेबांकडे वळतात. साहेब वैतागतात, पण तो त्यांचा प्रश्न.

प्रूफ : इथे घाई करू नका

ऑफसेटवर चार रंगांच्या चार प्लेटा, म्हणजे छपाईचे पत्रे, लागतात. प्लेटा निघेपर्यंत दुरुस्ती म्हणजे फक्त वेळ, त्यानंतर दुरुस्ती म्हणजे पैसे. ही गोष्ट गिऱ्हाइकाला कोणी सांगितलेलीच नसते. त्याच्या लेखी कम्प्युटरवर एक अक्षर बदलायला किती वेळ लागतो? मी वापरलेली एक जुनी प्लेट टेबलामागे ठेवली आहे. ती हातात देतो. अ‍ॅल्युमिनियमचा तो थंड पत्रा बोटांना लागला की ‘अक्षर बदलणं’ म्हणजे काय हे वेगळं समजावावं लागत नाही. (आपल्यातल्यांसाठी : मजकूर फक्त काळ्यात ठेवा. मग चूक निघालीच तर एक प्लेट बदलते. चार रंग मिसळून केलेला काळा असला की चारही जातात.)

प्रूफ कागदावर द्या, खऱ्या मापात. मोबाइलवर माणूस चित्र बघतो, मजकूर वाचत नाही. रंगाचंही तेच. पडद्यावरचा रंग उजेडाचा आणि कागदावरचा शाईचा, त्यामुळे झळाळता निळा किंवा पोपटी छापल्यावर बसकाच येणार. हे प्रूफ देतानाच सांगितलं तर ती माहिती असते. छापून झाल्यावर सांगितलं तर ती सबब होते.

‘नीट वाचा’ म्हणून कोणी नीट वाचत नाही. मी प्रूफला एक चिठ्ठी लावतो. तिच्यावर चौकोन असतात आणि त्यात खूण करायची असते : सर्व नावं आणि नावांआधीचं श्री., सौ., कै., डॉ. ; तारीख आणि वार जुळतात का ; वेळ ; पत्ता आणि पिनकोड ; फोन नंबर, तोही छापलेल्यावरून प्रत्यक्ष लावून बघायचा ; किंमत. खाली सही आणि तारीख. ‘कै.’चा चौकोन त्या स्मरणिकेनंतर आला.

गाव लांब असेल, काम फोनवरच असेल, तर अंगठा, ‘ओके’, ‘मस्त’ यांवर मशीन चालवू नका. उत्तरात हे वाक्य मागा : ‘मी सर्व पानं वाचली आहेत, याप्रमाणे ५०० प्रती छापा.’ गिऱ्हाइकाला ते टाइप करायला लावायचं, आपण लिहून ‘बरोबर ना?’ विचारायचं नाही. ‘वाचली आहेत’ असं लिहिताना बोट थबकतं. दहा मिनिटांनी फोन येतो, “थांबा, जरा एकदा बघतो.” त्यासाठीच ते वाक्य आहे.

‘मजा येत नाहीये’

डिझाइनवाल्याला सगळ्यांत जास्त चिडवणारं वाक्य हेच. एका दुकानदाराच्या पत्रकावरून झालेलं बोलणं सांगतो.

“काहीतरी कमी वाटतंय.”
“कुठे? बोट ठेवा.”
“असं नाही सांगता येणार. एकूणच. लोगो मोठा करून बघू.”
“बघू. हे वाटणार कसं?”
“पेपरात घालून.”
“म्हणजे सकाळी पेपर उघडला की हे खाली पडणार. उचलणाऱ्याला आधी काय दिसायला हवं?”
“वीस टक्के सूट. दुसरं काय!”

वीस टक्के सूट मी तळाला लहान अक्षरांत ठेवली होती. दुकानदाराचं बरोबर होतं, फक्त त्याच्याकडे माझे शब्द नव्हते. तेव्हापासून ‘मजा येत नाही’ म्हटल्यावर मी कामाचं समर्थन करत नाही. हा कागद कुणाच्या हातात पडणार आणि त्याने पुढे काय करायचं, एवढं विचारतो. उत्तर मिळालं की दुरुस्ती सापडते. उत्तरच मिळत नसेल तर डिझाइनमध्ये दोष नाही, गिऱ्हाइकाचंच अजून ठरलेलं नाही. तेव्हा काम थांबवून ‘ठरलं की कळवा, तारीख त्यानुसार पुढे जाईल’ असं लेखी द्या.

ओरडणाऱ्याचा प्रकार वेगळा. तो बोलत असताना मध्ये बोललात की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. संपू द्या. मग वहीत लिहीत त्याचंच म्हणणं त्याला वाचून दाखवा : “दोनशे प्रतींत पान बारा फिकं आलंय, आणि तुम्हाला उद्या दुपारी माल लागणार. बरोबर?” लिहिलेलं ऐकलं की आवाज खाली येतो. त्यानंतर दोन पर्याय द्या, दोन्हींपुढे तारीख आणि खर्च. चूक आपली असेल तर पहिल्याच वाक्यात कबूल करा. ‘मशीनमन नवीन होता’ वगैरे त्याला ऐकायचं नसतं. आणि रात्री अकराला आलेल्या मेसेजला रात्री अकराला उत्तर देऊ नका. एकदा दिलंत की तीच दुकानाची वेळ होते.

पढतमूर्खाशी वाद घालायचा नाही. पुतण्या कम्प्युटर इंजिनिअर आहे, तो म्हणाला हे दहा मिनिटांचं काम आहे. असेल. “मग त्यांच्याकडून फाइल करून आणा, ३०० डीपीआय, सीएमवायके, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, मी नुसत्या छपाईचा दर लावतो,” असं अगदी मनापासून म्हणा. निम्म्या वेळा फाइल येते आणि आपलं काम खरंच वाचतं. उरलेल्या वेळी काका एकटेच परत येतात.

आपल्याच दुकानातली माणसं

गिऱ्हाईक निदान संध्याकाळी घरी जातं. बाइंडिंगवाला, ऑपरेटर, भागीदार किंवा नोकरीत असाल तर साहेब, हे रोजचेच. तीच चूक तिसऱ्यांदा करणाऱ्या मुलाला बावळट म्हणण्याआधी एक करून बघा. सूचना दिल्यावर ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. ‘आता काय करणार ते सांग,’ म्हणा. आमच्याकडे ‘मधून घडी’ सांगितल्यावर दोन माणसांनी दोन वेगळ्या घड्या घातल्या होत्या. चूक सूचनेचीच होती. आता कागद घडी घालूनच देतो, त्यावर पानांचे आकडे पेनने लिहून. ही डमी करायला एक मिनिट लागतं.

साहेब तोंडी एक सांगतात आणि अंगावर आलं की ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ करतात, तिथे बोलणं झाल्या झाल्या दोन ओळींचा मेल टाकायचा : ‘आत्ता ठरल्याप्रमाणे अमुक करत आहे, काही बदल असल्यास चारपर्यंत कळवावं.’ आवाज नम्र, तारीख-वेळ पक्की.

पैसे अडकले तर

सबबी सगळ्यांना पाठ आहेत : सही करणारे साहेब गावाला गेलेत, मार्च एंड आहे, चेकबुक संपलंय. फोन करत राहण्याने ओळख तेवढी बिघडते. कायदा काय म्हणतो ते माहीत असलं तर पत्राला वजन येतं.

छपाई, डिझाइन, फोटोग्राफी असं उत्पादन किंवा सेवेचं काम करत असाल तर सरकारकडे लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. काम घेण्याआधी नोंदणी झालेली असली की पुढचे वाद टळतात. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं, आणि करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. त्याच कायद्यात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. तीन महिन्यांनी ‘छपाई फिकी होती’ म्हणणाऱ्याला हे दाखवा. अर्थात त्यासाठी डिलिव्हरी चलनावर तारखेसह सही हवी.

समोरची पार्टी धंदेवाईक असेल तर आयकराची एक तरतूद (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) तिच्या सीएला माहीत असते. २०२३ च्या वित्त कायद्याने आलेल्या या तरतुदीनुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच उत्पन्नातून वजा मिळतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि स्मरणपत्र सीएच्या मेलवरही टाका. माझ्या अनुभवात मालकाला दहा फोन करण्यापेक्षा हे जास्त चालतं.

एवढ्याने भागलं नाही तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते, ती असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. वेळ लागतो, हे धरून चला. चेक परत आला तर मात्र दिवस मोजायचे : बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटल्यावर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. साध्या उधारीच्या वसुलीची मुदत तीन वर्षांची असते. लहान रकमेसाठी वकिलाकडे जाण्याआधी त्याची फी आणि आपले बुडणारे दिवस यांचा हिशेब करा. अकरा हजारांसाठी मी गेलो नाही.

सोडताना

काही गिऱ्हाइकं सोडावी लागतात. माझी खूण साधी आहे : फोनवर त्यांचं नाव दिसल्यावर दुकानातला मुलगा फोन माझ्याकडे सरकवत असेल, तर वेळ झाली. अंगावर येणं, मुलांना शिवीगाळ, ठरलेला दर माल उचलताना पाडणं, यातलं काहीही दुसऱ्यांदा झालं की पुढचं काम घ्यायचं नाही.

हातातलं काम मात्र अर्ध्यावर टाकू नका, मुद्दाम भाव चढवून सांगण्याची युक्तीही करू नका. काही जण तो चढा भाव कबूल करतात आणि मग आपण अडकतो. सरळ लिहा : ‘चालू काम ठरल्याप्रमाणे २० तारखेला देत आहे. यापुढची कामं आमच्याकडून होणार नाहीत. तुमच्या आजवरच्या कामांच्या पीडीएफ आणि फोटो सोबतच्या पेनड्राइव्हवर आहेत. शिल्लक आगाऊ रक्कम आज खात्यावर परत केली आहे.’ कारण लिहायचं नाही. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतील अशा डिझाइनच्या मूळ फाइल, द्यायच्या की नाहीत, हे पहिल्या कोटेशनमध्येच लिहिलेलं असावं.

पंधरा दिवसांनी नव्या प्रेसवाल्याचा फोन येतोच : “पार्टी कशी आहे?” तिथे गाऱ्हाणं गात बसू नका. त्याला उपयोगी पडेल तेवढं सांगा : “पैसे चांगले आहेत, पण निम्मे आधी घ्या. आणि ओके धाकट्या भावाचं धरू नका, थोरल्या वहिनींची सही घ्या.”